नोटीस आली म्हणून एफडी मोडू का? चुलीवरचे मांडे, पऱ्हाट्यांवरचं भरीत आणि दीड लाखाचं धुराडं

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी तुमचं थोडक्यात सांगतो. जळगाव जिल्ह्यातलं नगर परिषदेचं गाव, घरामागच्या पडवीत तुम्ही आणि सासूबाई खापरावरचे मांडे करून विकता, थंडीत पऱ्हाट्यांवर (म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर) भाजलेल्या वांग्यांचं भरीत. शेजारच्यांनी वरचा मजला चढवला, धूर आता सरळ त्यांच्या खिडकीत जातो, त्यांच्या वडिलांना दमा आहे, त्यांनी तक्रार केली आणि तुम्हाला नगर परिषदेची नोटीस आली की 15 दिवसांत धुराचा बंदोबस्त करा नाहीतर कारवाई. फॅब्रिकेशनवाल्याने 1 लाख 45 हजारांचं एस्टिमेट दिलंय, त्यातले 85 हजार उंच लोखंडी धुराडं, हूड आणि पंख्याचे, बाकी पत्र्याचं शेड आणि भट्टी. त्यासाठी तुम्ही मुलीच्या कॉलेजची 2 लाखांची एफडी मोडायला निघालात, आणि भाऊ म्हणतात असल्या नोटिशीला कोण विचारतं, गप्प बस.

माझं मत: एफडी मोडू नका, धुराडं तर अजिबातच बांधू नका, आणि भाऊंचं पण ऐकू नका.

आधी नोटिशीचं बघू. घरच्या स्वयंपाकाच्या चुलीवर आपल्याकडे सरसकट बंदी नाही. एखाद्या भागात एखादं इंधनच बंद करायचं असेल तर 1981 च्या हवा कायद्यात तो अधिकार राज्य सरकारला आहे, राजपत्रात तशी अधिसूचना काढावी लागते, नगर परिषद आपल्या मनाने ते करत नाही. पण शेजाऱ्याला त्रास म्हणजे उपद्रव, आणि त्यावर कारवाई होऊ शकते. प्रकरण वाढलं तर नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे तहसीलदार-प्रांतांपर्यंत जाऊ शकतं. तुमचं तर घरगुती राहिलंच नाही ना ताई, वर्षाला जवळजवळ सव्वातीन लाखांची विक्री आहे, तो धंदा झाला आणि "घरची चूल आहे हो" हे उत्तर तिथे टिकणार नाही. म्हणून मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. उत्तरात एवढंच लिहा की मांड्याचं काम अमुक तारखेपर्यंत गॅसवर नेतोय, वांगी भाजणं वस्तीबाहेर नेतोय, तोवर सकाळी ठरावीक वेळेतच चूल पेटेल. एक रुपया खर्च न करता अर्धं काम इथेच होतं.

आता धुराड्याला माझा विरोध का? 85 हजार घालून धूर कमी होत नाही, तो फक्त वर जातो, आज एका शेजाऱ्याच्या खिडकीत जातोय तो उद्या तिसऱ्या घराच्या गच्चीवर जाईल आणि नवीन तक्रार येईल. दुसरं म्हणजे एकंदर कल कुठे चाललाय ते बघा. 2019 ला केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्याच्या यादीत जळगाव शहर आहे. मुंबईत 2025 मध्ये हायकोर्टाच्या आदेशानंतर लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनावर जायला सहा महिने दिले होते. तुमच्या गावात असं उद्याच होईल असं मी म्हणत नाही, पण ज्या इंधनाला हळूहळू सगळीकडून नको म्हणतायत त्याच्यासाठी पक्कं लोखंडी बांधकाम करायचं हे मला पटत नाही, आणि ते परत विकायला काढलं तर भंगारवालाच येणार. (विलायतेत 1956 च्या कायद्याने धूरबंदीचे भाग जाहीर करायचा अधिकार नगरपालिकांना दिला, पण शेगडी बदलायच्या खर्चाचे दहातले सात हिस्से घरमालकाला परत द्यायची सोय पण केली होती. आपल्याकडे नुसती नोटीस येते, खर्च आपला.)

तुमच्या घरी खरं तर दोन वेगळे विस्तव आहेत आणि तुम्ही दोन्हींचा हिशोब एकत्र करताय, तिथेच आकडा फुगलाय. भरिताच्या पऱ्हाट्या भसाभस पेटतात, सगळ्यात जास्त धूर त्यांचा, पण ते काम थंडीतल्या तीनेक महिन्यांचं आणि विक्री 60 हजारांची. ते गॅसवर न्या असं मी म्हणणार नाही, गॅसवर भाजलेल्या वांग्याला खान्देशात कोणी भरीत म्हणून पैसे देत नाही. तुमच्या दिरांचं शेत तीन किलोमीटरवर आहे, पऱ्हाट्या तिथेच पडलेल्या असतात, वांगी तिकडे भाजा, सोला, डब्यात भरून आणा आणि मिरची-लसूण घालून ठेचायचं ते घरी. पेट्रोल आणि एका बाईची मजुरी जाईल, ती भावात लावा.

मांडे मात्र बारा महिने चालतात आणि तिथे गॅस परवडतो. तुम्ही वर्षाला साधारण अडीच हजार किलो लाकूड 7 रुपयांनी घेता, म्हणजे साडेसतरा हजार. साध्या चुलीत लाकडाची बरीचशी आच इकडेतिकडे जाते, भांड्याला जेमतेम दहा-पंधरा टक्के लागते, गॅसची साठच्या आसपास. त्या हिशोबाने 19 किलोचा एक कमर्शियल सिलिंडर अडीचशे ते तीनशे किलो लाकडाचं काम करतो, म्हणजे दहा पुरावेत. मातीचं खापर तापायला वेळ घेतं म्हणून मी बारा धरतो. भाव महिन्याच्या महिन्याला बदलतो, तुमच्या एजन्सीचा आजचा भाव टाका, मी हिशोबाला दोन हजार धरले, चोवीस हजार झाले. जादा साडेसहा हजार. तुम्ही 40 रुपयांनी वर्षाला साडेसहा हजार मांडे विकता, म्हणजे एका मांड्यामागे एक रुपया! सिलिंडर अडीच हजार झाला तरी दोन रुपये. 42 ला विका, गिऱ्हाईक हलणार नाही.

आणि घरातला लाल सिलिंडर धंद्याला लावायचा मोह होईल, तो नको. नियमात बसत नाही आणि काही झालं तर विम्याचा क्लेम अडकतो.

सासूबाईंचं म्हणणं आहे की गॅसवर मांडा मधे करपतो आणि कडेला कच्चा राहतो. मी ते खोटं धरत नाही, लहान बर्नरवर तसंच होणार, जाळ मधेच लागतो. म्हणून विकत घ्यायच्या आधी केटरिंगवाल्याकडून रुंद रिंगची भट्टी दोन दिवस भाड्याने आणा, तेच खापर पालथं घाला, आणि पहिला मांडा सासूबाईंनाच टाकायला लावा, त्यांचा हात बसला तरच पैसे काढायचे. भट्टी, रेग्युलेटर, पाइप, कमर्शियल कनेक्शनचं डिपॉझिट आणि पडवीला खाली-वर हवा जायला जाळी, सगळं मिळून 30 हजारांत बसायला हवं, तरी कोटेशन दोन ठिकाणचं घ्या.

हे 30 हजार कुठून? एफडीवरच लोन घ्या. एफडी मुदतीआधी मोडली तर बँक जितके दिवस ठेव राहिली त्या मुदतीचा दर लावते आणि वर अर्धा-एक टक्का कापते, तुमचं चार-पाच हजारांचं नुकसान आहे. एफडीवरचं लोन साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्तीने मिळतं, 8 टक्के धरले आणि दहा महिन्यांत तीन-तीन हजार करून फेडले तर व्याज अकराशे-बाराशे. ठेव जागेवर राहते, लेकीच्या ॲडमिशनला हात लागत नाही. तुम्ही बचत गटात आहात म्हणून अजून एक सांगतो, पीएमएफएमई या लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत खाद्यपदार्थ करणाऱ्या गटातल्या महिलांना भांडवल आणि लहान अवजारांसाठी सभासदामागे 40 हजारांपर्यंत बीज भांडवल आहे, ते सध्या चालू आहे का हे गटाच्या ताईंना किंवा तालुका कृषी कार्यालयात विचारा. मिळालं तर उत्तम, पण त्याच्या भरवशावर नोटिशीची मुदत घालवू नका. त्याच योजनेतलं 35 टक्के अनुदान बँक कर्जाशी जोडलेलं आहे, 30 हजारांसाठी त्या कागदांच्या मागे मी लागणार नाही.

सासूबाईंचा खोकला तुम्ही मेलच्या शेवटी एका ओळीत लिहिलाय. लाकडासमोर तीस वर्षं बसलेल्या बाईचा खोकला आहे तो, त्यांना छातीच्या डॉक्टरकडे दाखवा आणि तो खर्च धंद्याच्या वहीत लिहा. माझ्या हिशोबात लाकूड 7 रुपये किलो धरलंय, त्यात हे धरलेलंच नाही.

आणि हा सगळा बदल आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) ऐन गर्दीत करू नका, त्याच्या महिनाभर आधी भट्टी बसलेली पाहिजे. तोवर जी चूल पेटवाल ती पेटवायला प्लास्टिकची पिशवी वापरू नका, निम्मी भांडणं त्या वासावरूनच होतात. शेजाऱ्यांना पण एकदा जाऊन सांगून या की काय काय करतोय आणि कधीपर्यंत, लेखी उत्तराची झेरॉक्स हातात ठेवा.