वाचक विचारतात : ताई, २०२३ मध्ये एवढं होतं तरी काय?

मागच्या अंकात मी ओघात लिहून गेले की इंडी रॉकमधलं (म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेर वाढलेल्या रॉक संगीतातलं) अलीकडचं माझं सगळ्यात लाडकं साल २०२३, आणि त्यावर इतके मेल आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. सगळ्यांना उत्तर देणं जमलेलं नाही, जे प्रश्न वाचून मला लगेच लिहायला बसावंसं वाटलं ते घेतलेत.

ताई, मी आत्ता आत्ता इंडी रॉक ऐकायला लागलेय. याद्या नेटवर ढिगाने मिळतात, त्या नकोत. त्या वर्षातलं तुम्ही स्वतः परत परत काय लावता तेवढंच सांगा. (इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, नाशिक)

वेन्सडे. बँडचं नाव आहे हे, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये ॲशव्हिल नावाचं डोंगरातलं शहर आहे तिथले. ७ एप्रिल २०२३ ला त्यांचा 'रॅट सॉ गॉड' आला आणि मी तो पहिल्यांदा ऐकला तो शिवाजीनगरहून घरी येताना बसमध्ये, हेडफोन लावून, आणि माझा स्टॉप गेला. दोन गोष्टी एकत्र आल्यात त्यात. एकीकडे गिटारचा भिंतीसारखा गोंगाट, दुसरीकडे पेडल स्टील. जुन्या हिंदी गाण्यांत ती लांबवत रडल्यासारखी वाजणारी हवाईयन गिटार असायची ना, तिच्याच घराण्यातलं हे वाद्य, अमेरिकन कंट्री संगीतात असतं. कार्ली हार्ट्झमन गाते आणि गाणी लिहिते, तिच्या लहानपणातलं गाव, कंटाळा, चुकीची माणसं, सगळं नावानिशी आणि जागेनिशी. 'बुल बिलीव्हर' साडेआठ मिनिटांचं आहे आणि त्याच्या शेवटी ती नुसती ओरडते, शब्द संपलेले असतात. ते घरी लावशील तेव्हा आईला आधी सांगून ठेव.

दुसरा स्लोडाइव्हचा 'एव्हरीथिंग इज अलाइव्ह', १ सप्टेंबरला आला. यांची गोष्ट ऐक. इंग्लंडमधल्या रेडिंगची पोरं, नव्वदीच्या सुरुवातीला धुक्यासारखं संगीत करायची, त्या वेळच्या ब्रिटिश समीक्षकांनी त्यांना अक्षरशः झोडपलं, १९९५ मध्ये लेबलने, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीने, काढून टाकलं, बँड मोडला. २०१४ मध्ये परत एकत्र आले तर समोर विशीतली पोरं उभी, जी त्यांचे जुने अल्बम निघाले तेव्हा जन्मलीही नव्हती. हा २०२३ चा अल्बम रेचल गॉसवेलची आई आणि ड्रमर सायमन स्कॉटचे वडील यांना अर्पण केलाय, दोघंही २०२० मध्ये गेले. आणि याच अल्बमने ते पहिल्यांदा ब्रिटनच्या पहिल्या दहात आले, म्हणजे विशीत मोडलेला बँड पन्नाशीत तिथे पोचला. मला हे आठवलं की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

द नॅशनल या बँडने त्या वर्षी दोन अल्बम काढले, एप्रिलमध्ये एक, सप्टेंबरमध्ये न सांगता दुसरा. मला दुसराच आवडतो, 'लाफ ट्रॅक'. पहिला फार सांभाळून केल्यासारखा वाटतो. बस, तीन झाले, आता हेच महिनाभर ऐक.

लाइव्ह अल्बम म्हणजे जुनीच गाणी टाळ्यांसकट पुन्हा विकणं, असं माझं मत आहे. तुम्ही एका लाइव्ह अल्बमला वर्षातला सर्वोत्तम म्हणालात, ते काही पटलं नाही. (हौशी नाट्यकर्मी, पुणे)

तुम्ही नाटकवाले आहात म्हणून तर हे तुम्हाला पटेलच, थांबा जरा.

ब्लॅक कंट्री, न्यू रोड हा इंग्लंडमधला बँड. गिटार-ड्रम्सच्या जोडीला व्हायोलिन, सॅक्सोफोन, बासरी, पियानो असा सगळा जत्था, वयं विशीतली. ४ फेब्रुवारी २०२२ ला त्यांचा दुसरा अल्बम यायचा होता, आणि त्याच्या चार दिवस आधी त्यांचा गायक आयझॅक वुड याने जाहीर केलं की मी बँड सोडतोय, मनाची अवस्था ठीक नाही, गाणं आणि गिटार दोन्ही जमेनासं झालंय. अल्बम आला, लोकांनी डोक्यावर घेतला, आणि वाजवायला गायकच नाही. पुढे शो ठरलेले होते. दुसरा कुठला बँड असता तर नवा गायक आणून तीच हिट गाणी वाजवली असती. हे उरलेले सहा जण म्हणाले, ती गाणी त्याची आहेत, त्याच्याशिवाय ती वाजवायची नाहीत. मग काही महिन्यांत बसून सगळी नवीन गाणी लिहिली, गायचं काम आपसात वाटून घेतलं आणि तसेच रेकॉर्डशिवाय दौऱ्यावर निघाले. लोक तिकीट काढून यायचे आणि त्यांना ओळखीचं एकही गाणं ऐकायला मिळायचं नाही, तरी हॉल भरायचे.

डिसेंबर २०२२ मध्ये लंडनच्या बुश हॉलमध्ये तीन शो केले आणि कॅमेऱ्यासह रेकॉर्ड केले. आता तुमच्या कामाचं. तीन शो म्हणजे तीन वेगवेगळी खोटी नाटकं होती, शाळेच्या गॅदरिंगसारखी हाताने रंगवलेली नेपथ्यं, कपडे, एकदा शेतावरचं, एकदा भुताने झपाटलेलं पिझ्झाचं दुकान, एकदा शाळेचा निरोप समारंभ. २४ मार्च २०२३ ला तो अल्बम आला, 'लाइव्ह ॲट बुश हॉल'. यातलं कुठलंच गाणं आधी स्टुडिओत रेकॉर्ड झालेलं नव्हतं, त्यामुळे 'जुनीच गाणी' हा तुमचा मुद्दा इथे लागूच होत नाही. पहिल्याच गाण्यात ते सगळे मिळून मित्रांविषयी गातात, आणि ज्याला माहितीये की कोण निघून गेलंय, त्याला ते ऐकताना गप्प बसणं कठीण जातं. तालमीतला मुख्य नट प्रयोगाच्या चार दिवस आधी गेला आणि ग्रुपने बदली नट न घेता नवीन संहिताच लिहिली, असं तुमच्या पाहण्यात झालंय का कधी? मी तो संपूर्ण प्रयोग व्हिडिओवर निदान सात-आठ वेळा पाहिलाय. तुम्हीही आवाजाआधी व्हिडिओच पाहा.

बॉयजीनियसचा अल्बम इंटरस्कोपने काढला, ती तर जगातल्या सगळ्यात मोठ्या संगीत कंपनीचीच शाखा. मग त्यांना इंडी का म्हणायचं? फसवणूक नाही का ही? (वाचक, मडगाव)

प्रश्न रास्त आहे. इंडी म्हणजे मुळात इंडिपेंडंट, मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय छोट्या लेबलवर निघालेलं संगीत. आपल्याकडे साठच्या दशकात प्रस्थापित मासिकं छापत नव्हती तेव्हा अशोक शहाणे, अरुण कोलटकर वगैरे मंडळींनी लघुनियतकालिकं काढली, स्वतः छापली, स्वतः वाटली, तसंच हे. पण पुढे झालं काय, तर त्या लेबलांवरच्या बँडचा एक आवाज, एक वळण तयार झालं आणि 'इंडी' हे नाव व्यवहाराला न लागता वळणाला लागलं.

फीबी ब्रिजर्स, जूलियन बेकर आणि लूसी डेकस, म्हणजेच बॉयजीनियस, या तिघींचं २०१८ चं पहिलं छोटं रेकॉर्ड मॅटाडोर या खऱ्या इंडी लेबलवर होतं. ३१ मार्च २०२३ चा 'द रेकॉर्ड' इंटरस्कोपवर, ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर, ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, पुढच्या फेब्रुवारीत तीन ग्रॅमी. आणि त्यानंतर थांबल्या, आपापल्या कामाला लागल्या. पैसा कुणाचा हे जरूर पाहा, मीही पाहते, पण फसवणूक मी म्हणणार नाही कारण त्यांनी काही लपवलं नव्हतं आणि गाणी त्यांचीच आहेत, एकमेकींसाठी लिहिलेली.

सुफियान स्टीव्हन्सचा 'जॅव्हलिन' ऐकला. एवढा सुंदर अल्बम, पण त्याच्या टूरचं काही नावच दिसलं नाही. का? (शिक्षिका, सातारा)

कारण त्या वेळी तो चालायला शिकत होता. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याने स्वतःच कळवलं की त्याला गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, झालाय. जीबीएस म्हटलं की पुणेकरांना २०२५ च्या जानेवारीतली सिंहगड रोडकडची साथ आठवेल, तोच आजार, आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या नसांवर उलटते आणि हातपाय ढिले पडतात. ६ ऑक्टोबरला अल्बम आला आणि त्याच दिवशी त्याने सांगितलं की हा अल्बम त्याच्या जोडीदाराला अर्पण केलाय, जो त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारला. बाई, तुम्ही तो एकदा हे माहीत नसताना ऐकलात, आता माहीत असताना ऐका. मला अजून सलग ऐकता येत नाही, मधे थांबावं लागतं.

मी दर महिन्याला ॲपचे पैसे भरतो, जाहिराती ऐकत नाही, पायरसी करत नाही. तरी तुम्ही म्हणता की बँडपर्यंत पैसे पोचत नाहीत. मग मी अजून काय करायचं? (आयटीवाला, नागपूर)

तुमची चूक काहीच नाही, हे आधी. पण हिशोब बघा. नोव्हेंबर २०२३ मध्येच स्पॉटिफायने जाहीर केलं की ज्या गाण्याला बारा महिन्यांत हजार वेळाही कुणी ऐकलं नाही त्याला रॉयल्टी मिळणार नाही. हजार म्हणजे काही नाही असं वाटेल, पण तळेगावच्या गॅरेजमध्ये बसून गाणी करणाऱ्या पोरांना विचारा हजार म्हणजे किती ते. त्याच्या उलट बँडकॅम्प या वेबसाइटवर गाणं विकत घेतलंत तर साधारण ८२ टक्के कलाकाराच्या हातात जातात. तिथेही २०२३ वाईटच गेलं, कंपनी विकली गेली आणि ऑक्टोबरमध्ये निम्मी माणसं एका झटक्यात घरी बसवली, तरी पैसे पोचवायचा रस्ता म्हणून तोच अजून सगळ्यात सरळ आहे.

मग राहतात शो. लोकांना वाटतं टूर म्हणजे कमाई. ॲनिमल कलेक्टिव्हसारख्या नावाजलेल्या बँडने २०२२ मध्ये युरोपची टूर रद्द केली, कारण विमान, व्हॅन, सामान, चलनाचा भाव सगळं धरून ती तोट्यातच जाणार होती. टीशर्ट विकून भरपाई करावी तर बरेच हॉल त्या टीशर्टच्या पैशातूनही वाटा कापतात. आणि छोटे हॉल तर मरतायत. एकट्या ब्रिटनमध्ये २०२३ या एका वर्षात अशा १२५ जागा एकतर बंद झाल्या नाहीतर तिथलं लाइव्ह संगीत थांबलं. त्यातला बाथ शहरातला मोल्स क्लब ४५ वर्षं चालू होता, रेडिओहेड, ओएसिस, ब्लर हे सगळे मोठे व्हायच्या आधी तिथे वाजवून गेलेत. आपल्याकडे लोअर परळच्या मथुरादास मिलमधलं ब्लूफ्रॉग २०१६ ला बंद झालं तेव्हा मला आठवतंय आम्ही मैत्रिणी फोनवर बोलताना रडलो होतो.

एक चांगली गोष्टही झाली, ती सांगते. मार्च २०२३ मध्ये द क्युअर या बँडच्या अमेरिकेतल्या शोची तिकिटं निघाली. त्यांचा गायक रॉबर्ट स्मिथने हट्टाने काही तिकिटं फक्त २० डॉलरला ठेवली होती, तर तिकिटं विकणाऱ्या तिकीटमास्टर कंपनीची वरची फीच काही ठिकाणी तिकिटाहून जास्त झाली. तो गप्प बसला नाही, जाहीरपणे भांडला, आणि कंपनीला स्वस्त तिकिटांवर १० आणि बाकीच्यांवर ५ डॉलर परत द्यायला लावले. तुम्ही विचारलंत काय करू, तर महिन्याला एक अल्बम विकत घ्या आणि तुमच्या शहरात एखादा छोटा बँड तिकीट लावून वाजवत असेल तर गेस्टलिस्टवर नाव टाका म्हणून सांगू नका, तिकीट काढा.

मी जर्सी सिटीत राहते, नवऱ्याला ही गाणी सहन होत नाहीत. एकटीने शोला जायचा धीर होत नाही. (वाचक, न्यू जर्सी)

अगं, तुझ्या शेजारीच होबोकनमध्ये यो ला टेंगो नावाचा बँड १९८४ पासून वाजवतोय, नवरा-बायको आणि एक मित्र! हनुक्का या ज्यूंच्या सणाच्या आठ रात्री ते वाजवतात, अलीकडे न्यूयॉर्कच्या बावरी बॉलरूमला, रोज वेगळी गाणी, रोज आधी कोण वाजवणार ते गुपित, आणि पैसे दानाला. आपल्या नवरात्रासारखं व्रतच म्हण. हॉल पाचसहाशे माणसांचा. एकटीनेच जा, आधी त्यांचा २०२३ चा 'धिस स्टुपिड वर्ल्ड' ऐकून जा, साउंड डेस्कच्या पुढ्यात उभी राहा, तिथे आवाज सगळ्यात नीट येतो आणि धक्काबुक्कीही नसते.

माझी मुलगी १९ वर्षांची आहे, लोलापलूझा या संगीत महोत्सवाला जायचं म्हणते. एवढ्या गर्दीत पाठवू का? (आई, ठाणे)

२८ आणि २९ जानेवारी २०२३ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा पहिल्यांदा भारतात झालं तेव्हा मी दोन्ही दिवस होते. द स्ट्रोक्स, जॅपनीज ब्रेकफास्ट, सिगरेट्स आफ्टर सेक्स, आणि आपल्याकडचे चेन्नईचे द एफ१६ज, अहमदाबादचे ॲजवीकीपसर्चिंग. वीस वर्षं कॅसेट, सीडी, मग फोनवर ऐकलेला स्ट्रोक्स समोर उभा होता आणि माझ्या बाजूला तुमच्या मुलीच्या वयाच्या दोघी सगळे शब्द पाठ म्हणत होत्या, त्यांनी मला पाण्याची बाटली दिली, मी त्यांना टेकायला माझा रुमाल दिला. गर्दी होती, धूळ होती, पण मला भीती कुठेच वाटली नाही.

पाठवा. दोघी-तिघी मिळून जाऊ देत, भेटायची एक जागा आधी ठरवून ठेवायला सांगा कारण तिथे नेटवर्क मिळेलच असं नाही, जुने बंद बूट घालू देत, आणि कानात घालायचे बोळे नक्की द्या, केमिस्टकडे मिळतात. मी ते नेले नव्हते आणि दोन दिवस कानात शिटी वाजत होती. आणि दुपारी लवकर पोचायला सांगा, आपले बँड भर उन्हात, अर्ध्या रिकाम्या मैदानावर वाजवतात, त्यांच्यासमोर कुणीतरी उभं असायला हवं.