माल्टाचा परवाना असलेली कॅसिनो साइट जर्मनीत कायदेशीर असते का?

तुमचा प्रश्न असा आहे: धाकटा भाऊ जर्मनीत एमएस करतोय, तिथे एका ऑनलाइन कॅसिनोवर खेळतो, आणि साइटच्या तळाशी माल्टाचा परवाना क्रमांक आहे. 'माल्टा युरोपियन युनियनमध्ये आहे, म्हणजे सगळं कायदेशीरच' असं तो सांगतो. हे खरं आहे का?

नाही. या एका गैरसमजापायी बरीच मुलं अडकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी काही वर्षं माल्टात स्लिएमाला अशाच एका कंपनीत केवायसीचं काम केलंय. खेळाडूंची कागदपत्रं तपासणं, एवढंच माझं काम होतं.

जुगारासाठी 'युरोपचा परवाना' असा कुठे मिळतच नाही. जे देश युनियनमध्ये आहेत त्यांनीसुद्धा हा विषय आपापल्या हातात ठेवलाय. सेवांच्या मुक्त बाजारासाठी 2006 साली जो निर्देश आला, त्यातून जुगार मुद्दाम वगळला होता. पुढे पोर्तुगालच्या फुटबॉल लीगला जिब्राल्टरची एक बेटिंग कंपनी प्रायोजक म्हणून लाभली, पोर्तुगालने दोघांना दंड केला आणि प्रकरण युरोपियन न्यायालयात गेलं. 2009 मध्ये न्यायालयाने म्हटलं की एका देशाने परवाना दिला म्हणून दुसऱ्या देशाने तो मानलाच पाहिजे असं नाही. गोव्यात मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात, पण तो परवाना दाखवून कुणी सावंतवाडीत टेबल मांडू शकत नाही. तसंच हे.

मग माल्टाचंच नाव सगळीकडे का दिसतं? हा देश 316 चौरस किलोमीटरचा, मुंबई महापालिकेच्या हद्दीपेक्षाही लहान. त्याने 2004 मध्येच ऑनलाइन जुगारासाठी नियम केले, तेव्हा बरेच देश अजून सरकारी मक्तेदारीत होते. कंपन्या तिकडे गेल्या. माल्टाचा परवाना खोटा नसतो, पण खेळाडू जिथे बसून खेळतो तिथला कायदा त्याने बदलत नाही. ब्रिटनने 2014 मध्ये हे स्पष्टच केलं: सर्व्हर कुठेही असो, ब्रिटनमधला ग्राहक हवा असेल तर ब्रिटनचा परवाना घ्या. स्वीडनने 2019 मध्ये, नेदरलँड्सने 2021 मध्ये आपापले परवाने सुरू केले. नॉर्वेत अजूनही सरकारी कंपनीचीच मक्तेदारी आहे. फ्रान्समध्ये ऑनलाइन बेटिंग आणि पोकर चालतं, स्लॉट (बटण दाबून चित्रांची चाकं फिरवायचे खेळ) आणि रुले नाही.

आता जर्मनी, कारण तुमचा भाऊ तिथे आहे. 1 जुलै 2021 पासून तिथल्या सोळा राज्यांचा एकत्रित करार लागू आहे आणि हाले शहरात त्यासाठी जीजीएल नावाची संस्था आहे. परवाना मिळालेल्या सगळ्या कंपन्यांची यादी ती आपल्या साइटवर ठेवते, तिला 'व्हाइटलिस्ट' म्हणतात. त्या यादीत साइटचा पत्ता नसेल तर तळाशी कुठलाही शिक्का असो, जर्मनीत ती बेकायदा. आणि दोष फक्त कंपनीचा नाही. जर्मन दंडसंहितेच्या कलम 285 नुसार बेकायदा जुगारात भाग घेणाऱ्यालाही दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. व्हिसावर राहणाऱ्या मुलाने हे वाचलेलं असायलाच हवं.

यादी न उघडताही ओळखायची एक सोपी खूण आहे. भावाला विचारा, स्लॉटवर एका स्पिनला जास्तीत जास्त किती लावता येतात? जर्मन परवान्यात मर्यादा 1 युरो आहे. एक स्पिन सरासरी किमान पाच सेकंदांचा असावा लागतो, ऑटोप्लेला बंदी आहे. तो म्हणाला 'पाच युरो लावतो, बटण दाबून ठेवलं की आपोआप फिरतं', तर उत्तर मिळालं.

या मर्यादा का आहेत ते मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिलंय. एका संध्याकाळी माझ्यासमोर एका विद्यार्थ्याचे कागद आले. पगाराची स्लिप होती नऊशे युरोंच्या आसपास, पार्ट टाइम कामाची. त्याच महिन्यात त्याने खात्यात भरले होते तीन हजारांवर. मला बघायचं होतं ते इतकंच, की स्लिप खरी आहे का आणि नाव जुळतंय का. जुळत होतं. मी 'ओके' केलं आणि पुढची फाइल उघडली. तीन हजार आले कुठून, हा प्रश्न त्या स्क्रीनवर विचारायची सोयच नव्हती. तो मुलगा मला अजून आठवतो.

जर्मन परवान्याखाली हे इतकं सहज झालं नसतं. तिथे महिन्याला 1,000 युरोंची मर्यादा सगळ्या कंपन्या मिळून एकच असते, एका मध्यवर्ती यंत्रणेतून तपासली जाते. ती वाढवायची तर ऐपतीचा पुरावा लागतो. पण खरं सांगू का, विद्यार्थ्यासाठी मला ही मर्यादाही फार मोठी वाटते. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो ठेवायचे, त्यातून महिन्याला 992 हातात येतात. म्हणजे अख्खा महिना, भाडं आणि किराण्यासकट, कायद्याच्या मर्यादेत राहून घालवता येतो. नेदरलँड्सने इथे जास्त विचार केलाय. चोवीसच्या आतल्या खेळाडूला महिन्याला 150 युरोंच्या वर जायचं असेल तर कंपनीला आधी त्याच्याशी संपर्क साधावा लागतो. ब्रिटनमध्येही 2025 पासून पंचवीसच्या आतल्यांना स्लॉटवर एका वेळी 2 पौंडच लावता येतात.

भावाला सुटायचं असेल तर ओआसिस नावाची देशव्यापी बंदी-नोंदणी आहे. एकदा नाव घातलं की जर्मन परवान्याच्या सगळ्या साइट आणि स्लॉटची दुकानं बंद. पुरावा असेल तर घरच्यांनाही अर्ज करता येतो, मग त्याचं म्हणणं ऐकून निर्णय होतो. बेकायदा साइट मात्र ही नोंदणी तपासतच नाही. मला सगळ्यात मोठा धोका हाच वाटतो.

गेलेले पैसे परत मिळतील का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे विचारालच. जर्मनीत परवाना नसलेल्या साइटविरुद्ध खेळाडूंनी दावे केलेत आणि अनेक न्यायालयांनी करार रद्दबातल ठरवून पैसे परत द्यायला सांगितलंय. पण वसुली करायची माल्टात, आणि माल्टाने 2023 मध्ये कायदा बदलून आपल्या परवानाधारकांविरुद्धचे असे परदेशी निकाल तिथे लागू होऊ द्यायचे नाहीत अशी तरतूद केली. त्यावरून युरोपियन आयोगाने जून 2025 मध्ये माल्टावर कारवाई सुरू केली आहे. तेव्हा पैसे मिळतीलच असं धरून बसू नका. बँक स्टेटमेंट आणि साइटचा व्यवहारांचा इतिहास मात्र आजच डाउनलोड करून ठेवायला सांगा, खातं बंद झालं की तो हाती लागणं अवघड.

आणि सुट्टीत तो घरी आला तरी हे खातं उघडायला देऊ नका. भारतात 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ चालवायलाच बंदी आहे, परवान्याचा प्रश्नच नाही.

त्याला फोन कराल तेव्हा कायदा आणि कलमं नंतर काढा. आधी विचारा, या महिन्याचं भाडं भरलंस का.