‘याची भीती घालवा’ म्हणून आणलेला मुलगा

मी समुपदेशक आहे. नाताळच्या सुट्टीला तीन आठवडे उरले असताना एका आईचा मला फोन आला. त्यांचा १४ वर्षांचा मुलगा पुण्यातील एका क्लबमध्ये चार वर्षांपासून कृत्रिम भिंतीवर प्रस्तरारोहण शिकत होता, दोन स्पर्धांत त्याला पदके मिळाली होती आणि आता क्लबचा कुमार संघ चार दिवसांसाठी बदामीला खऱ्या कातळावर चढाई करायला निघाला होता. ‘‘मॅडम, भिंतीवर हा सरसर चढतो, पण दिवाळीनंतर यांना एक दिवस डोंगरात नेलं, तर तिथे याचे पायच उचलेनात. बदामीच्या आधी त्याची ही भीती घालवून द्याल का?’’ असा त्यांचा प्रश्न होता. पोहणे, घोडेस्वारी, पदभ्रमण अशा अनेक निमित्तांनी हाच प्रश्न मला पालक विचारत आले आहेत. म्हणून हा अनुभव, ओळख पटू शकेल असे तपशील बदलून आणि मायलेकांच्या संमतीने, येथे लिहीत आहे.

दिवाळीनंतरच्या त्या सहलीत मुलगा तीनदा कातळावर चढू लागला आणि तिन्ही वेळा साधारण दोन-अडीच मीटरवरून खाली उतरला. त्याच्याहून लहान मुले वरपर्यंत जाऊन आली होती. त्यानंतर रविवारच्या सरावाला निघताना त्याच्या पोटात दुखू लागले, झोप कमी झाली आणि बदामीचा विषय निघाला की तो ताटावरून उठू लागला. आजीचे म्हणणे होते की पाठवूच नये. वडिलांचे म्हणणे होते की आता माघार घेतली तर त्याला तीच सवय लागेल. आई त्याला रोज प्रेमाने समजावत होती, ‘‘अरे, दोर असतो ना, मग घाबरायचं कशाला?’’ हे वाक्य ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्याचाच अडसर झालेला मला दिसला.

पहिल्या दोन भेटींत मी चुकले, हे मला येथे नोंदवलेच पाहिजे. आईने सांगितलेले कारण मी तसेच उचलले आणि उंचीची भीती गृहीत धरून काम सुरू केले. श्वास सावकाश घेऊन त्याहून सावकाश सोडण्याचा सराव करून घेतला, भीतीला शून्य ते दहापर्यंत गुण द्यायला शिकवले आणि गच्चीचा कठडा, जिन्याचा सर्वांत वरचा मजला, टेकडीचा कडा अशी चढत्या क्रमाची पायरी आखून दिली. उंचीच्या भीतीवर हा उपाय चांगला चालतो. टाळलेल्या गोष्टीला थोडे थोडे सामोरे गेले की भीती ओसरते. मुलाने सगळे नेटाने केले. गच्चीच्या कठड्याला त्याने एक गुण दिला आणि टेकडीच्या कड्याला दोन. कातळाचा विचार केला की मात्र गुण नऊवरून हलायला तयार नव्हते. याच ठिकाणी मी थांबायला हवे होते. ज्याला उंचीचे भय असते त्याला ते बाल्कनीत, पुलावर, कधी नुसत्या चित्रातही जाणवते आणि उंचीबरोबर वाढत जाते. या मुलाचे उलट होते. कातळावर सर्वांत जास्त भीती कोठे वाटते, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘खालीच. वर गेल्यावर कमी होईल असं वाटतं.’’ मी हे वहीत लिहून घेतले, पण त्याचा अर्थ तेव्हा लावला नाही.

तिसऱ्या भेटीत मी त्याला सुमारे चार मीटरची एक दोरी दिली आणि चढाईची सुरुवात अगदी पहिल्या कृतीपासून करून दाखवायला सांगितले. त्याने कमरेच्या पट्ट्यात दोरी ओवून आठाची गाठ बांधली, ती दुसऱ्या पदराने नीट भरून घेतली, ओढून पाहिली. मग दोरी खुर्चीच्या पाठीवरून फिरवून दुसरे टोक माझ्या हातात दिले, कारण वरच्या आधारातून फिरून आलेला दोर खाली उभा असलेला जोडीदार सांभाळतो. या जोडीदाराला बिलेअर म्हणतात. चढणारा वर सरकेल तसा त्याने दोर ओढून घ्यायचा असतो आणि दोर रोखून धरणारा हात एक क्षणही सोडायचा नसतो. मुलाने एक पाऊल उचलले, तेवढ्यात मला काहीतरी सुचले म्हणून मी डाव्या हाताने वही पुढे ओढली. तो तेथेच थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘‘मॅडम, तुम्ही बघत नाही आहात.’’

त्यानंतरची चाळीस मिनिटे तो बोलत होता. दिवाळीनंतरच्या सहलीत त्याचा दोर सांभाळायला त्याचा सर्वांत जवळचा मित्र होता. दोघे एकाच सोसायटीत राहतात आणि दुसरीपासून एका वर्गात आहेत. मुलगा जेमतेम दोन मीटर वर गेला असताना मित्र शेजारच्या मुलाशी बोलत होता आणि दोराचा झोळ गुडघ्यापर्यंत लोंबत होता. मुलाचा पाय सटकला, तो खाली आला आणि दोर ताणला जाण्याआधीच त्याचे पाय जमिनीला लागले. लागले काहीच नाही. सगळे हसले, तोही हसला. प्रशिक्षक त्या वेळी कड्याच्या माथ्यावर दुसऱ्या दोराची बांधणी तपासत होते, त्यामुळे त्यांच्या नजरेस ते पडले नाही. मुलगा पुन्हा चढला, त्याच जागी पोहोचल्यावर त्याने खाली पाहिले आणि उतरला. पुन्हा चढला, पुन्हा उतरला. क्लबच्या भिंतीवर हे कधी घडले नव्हते, याचे कारण साधे आहे. बुटक्या भिंतीखाली जाड गाद्या असतात, वेगाच्या १५ मीटरच्या भिंतीवर माथ्याला बसवलेले यंत्र पट्टा आपोआप ओढून घेते आणि उरलेल्या भिंतीवर त्याचा दोर आजवर प्रशिक्षकच धरत आले होते. आपला जीव आपल्याच वयाच्या मुलाच्या हातात सोपवण्याची त्याची ती पहिली वेळ होती.

मी नंतर प्रशिक्षकांना विचारून घेतलेली एक गोष्ट प्रत्येक पालकाने समजून घ्यावी अशी आहे. वरून फिरवलेल्या दोरावर चढताना सुरुवातीचे काही मीटरच जास्त जपायचे असतात. कडा २० मीटरचा असेल, तर चढणारा जमिनीजवळ असताना त्याच्या आणि बिलेअरच्या मध्ये जवळजवळ ४० मीटर दोर असतो. चढाईचा दोर झटका शोषून घेण्यासाठी मुद्दाम लवचीक विणलेला असतो. ८० किलो वजन टांगले असता एकेरी वापराचा दोर १० टक्क्यांपर्यंत ताणला गेलेला मानकांत बसतो. हलक्या मुलाच्या वजनाने तो पाच टक्केच ताणला गेला असे धरले, तरी ४० मीटरांवर दोन मीटर होतात, आणि त्यात ढिलाईची भर पडली की जमीन गाठायला काहीच वेळ लागत नाही. चढणारा जसजसा वर जातो तसतसा मधला दोर कमी होतो आणि खालची जमीन दूर जाते. ‘खालीच जास्त भीती वाटते’ हे मुलाचे म्हणणे शब्दशः खरे होते. जे भय आम्ही सारे मिळून घालवू पाहत होतो, ते त्याच्या बारकाईच्या निरीक्षणातून आले होते.

मग त्याने हे कोणाला सांगितले का नाही? त्याच्या दृष्टीने ती मित्राची चहाडी होती. शिवाय संघात जोड्या ठरलेल्या होत्या आणि जोडी बदलून मागणे म्हणजे मैत्री तोडणे, असे त्याला वाटत होते. आणि घरी तर ‘दोर असतो ना’ या वाक्यापुढे त्याला बोलायला जागाच उरली नव्हती, कारण त्याची भीती नेमकी दोराचीच होती. धीर देण्याच्या भरात आपण मुलाच्या तोंडचे वाक्य अर्ध्यावर तोडतो, हे मी या व्यवसायात इतक्या वेळा पाहिले आहे की आता पालकांना मी ‘किती भीती वाटते’ हे विचारण्याआधी ‘नेमकी कशाची, कोठे आणि कोण सोबत असताना’ हे विचारायची विनंती करते, आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प बसायची.

आईला सांगायला मुलाने होकार दिला. ते ऐकताना त्यांचे डोळे भरून आले आणि लगेच त्या म्हणाल्या, ‘‘मग मी पाठवतच नाही. प्रश्न मिटला.’’ या निर्णयामागची माया मला कळत होती. मीही दोन मुलांची आई आहे. तरीही मी त्यांना थोडे थांबायला सांगितले. महिनाभर जे ओठांवर आले नव्हते ते मुलाने मोठ्या कष्टाने सांगितले होते, आणि सांगताक्षणी त्याची सर्वांत आवडती गोष्ट हातातून जाणार होती. पुढच्या वेळी कमरेचा पट्टा झिजलेला दिसला, पाय मुरगळला किंवा कोणी वाईट वागले, तर हा मुलगा घरी येऊन सांगेल का, असे मी त्यांना विचारले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘पण मला खात्री कशी पटेल?’’ हा प्रश्न अगदी योग्य होता. फक्त त्याचे उत्तर मुलाकडून किंवा माझ्याकडून मिळणारे नव्हते, ते प्रशिक्षकांनीच द्यायला हवे होते.

त्यांच्याशी बोलायचे कोणी, हा निर्णय आम्ही मुलावर सोडला. तो म्हणाला, ‘‘दादाला मीच सांगतो, आई बाहेर थांबेल.’’ (क्लबमधील सगळी मुले प्रशिक्षकांना दादाच म्हणतात.) आम्ही ती वाक्ये आधी म्हणून पाहिली. मित्र कसा आहे याविषयी त्यात एकही शब्द ठेवला नाही, फक्त काय घडले आणि काय हवे आहे एवढेच ठेवले: ‘‘त्या दिवशी दोर सैल होता आणि माझे पाय जमिनीला लागले. आमच्यापैकी कोणी दोर धरेल तेव्हा मागे मोठं कोणीतरी हवं आहे.’’ कातळावर म्हणायचे वाक्य याहूनही छोटे होते, ‘‘दोर ओढ.’’ हे दोन शब्द मोठ्या आवाजात, हसून न टाकता म्हणायला त्याला कितीतरी वेळ लागला.

प्रशिक्षकांनी ऐकून घेतले, काही क्षण ते गप्प राहिले आणि मग त्यांनी चूक आपली असल्याचे मुलालाच सांगितले. त्या दिवशी दोन दोर लावले होते आणि खाली सहायक एकच होता, हे त्यांनी पुढे आईजवळही लपवले नाही. मला या माणसाविषयी फार आदर वाटला. माझे स्पष्ट मत आहे की १४ वर्षांची मुले ‘बिले’ देणे, म्हणजे दोर सांभाळणे, उत्तम शिकू शकतात आणि त्यांनी ते शिकावेही, परंतु त्या वयाच्या मुलाला या कामावर एकटे उभे करून नंतर त्याच्या दुर्लक्षाला दोष देणे हा अन्याय आहे. बदामीसाठी त्यांनी ठरवले की मूल दोर धरत असेल तेव्हा बिलेअरच्या मागे एक जाणता माणूस दोराचे सुटे टोक धरून उभा राहील. चढण्याआधी दोघांनी एकमेकांची गाठ, पट्टा आणि कॅराबिनरचे (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचे) कुलूप हात लावून तपासायचे, आणि जमिनीजवळच्या टप्प्यात दोर मुद्दाम घट्ट ठेवायचा. सर्वांसाठी हेल्मेट आधीपासून होतेच. आईने आणखी काही प्रश्न विचारले आणि प्रत्येकाला त्यांना उत्तर मिळाले. कड्याला आग्यामोहोळ दिसले तर त्या बाजूला चढाई करायची नाही हे आधीच ठरले होते, जवळचे रुग्णालय कोणते आणि तेथवर गाडी कोणाची हेही.

मित्राचे काय झाले, असा प्रश्न वाचकांना पडला असेल. त्याला प्रशिक्षकांनी वेगळे बसवून सांगितले, तेव्हा तो रडला आणि म्हणाला, ‘‘मला कुणी सांगितलंच नाही की त्याचे पाय लागले होते.’’ त्याला खरोखरच माहीत नव्हते. नंतरच्या दोन रविवारी दोघांनी क्लबच्या भिंतीवर फक्त बिलेचा सराव केला. त्यात मुलगा हलका असल्यामुळे, मित्र पडला की तोच जमिनीवरून उचलला जातो, हे दोघांच्याही ध्यानात आले आणि त्यावर काय करायचे ते त्यांना शिकवले गेले. पोटदुखी त्याच आठवड्यात थांबली. सर्व मुलांच्या बाबतीत असे इतक्या सहज घडत नाही. झोप आणि भूक महिना-दोन महिने बिघडलेली राहिली, शाळेत जाणेही टळू लागले किंवा कोणत्याही कारणाविना धडधड आणि गुदमरणे होऊ लागले, तर समुपदेशकाबरोबर मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवून घ्यावे. त्यात उशीर करू नये.

बदामीहून परतल्यावर आठवड्याने तो मला भेटायला आला. आपल्या सह्याद्रीचा काळा बेसाल्ट आणि तेथला तांबडा वालुकाश्म हाताला किती वेगळा लागतो, हे त्याने आधी सांगितले; चालुक्यांची लेणी ज्या दगडात कोरली आहेत त्याच दगडावर आपण चढलो, याचे त्याला अप्रूप होते. माकडांनी एकाची खाऊची पिशवी पळवली होती. पहिल्या दिवशी तो चढला नव्हता. अर्धा दिवस त्याने इतरांचे दोर कसे धरले जातात ते पाहिले, तेव्हा कोणी त्याला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो चढला. अडीच मीटरवर थांबून त्याने दोनदा ‘‘दोर ओढ’’ म्हटले आणि दोन्ही वेळा दोर लगेच घट्ट झाला. शेवटचे तीन-चार मीटर मात्र राहून गेले, कारण तोवर कातळावर ऊन आले आणि दगड तापू लागला.

आई शेजारीच बसल्या होत्या. बसमधून उतरल्यावर सर्वांनी त्याला किती उंच चढलास हे विचारले होते, असे मुलगा म्हणाला. ‘‘आईने नाही विचारलं. तिने विचारलं, दोर कोणी धरला होता?’’

‘‘मग काय सांगितलंस?’’ मी विचारले.

तो बोटे मोडत मोजू लागला. पहिल्यांदा दादाने, मग मित्राने आणि मागे दादाने, तिसऱ्या दिवशी सकाळी मित्राने आणि मागे ताईने, आणि संध्याकाळी मित्र चढत असताना त्याने स्वतः.