वाचकांचे प्रश्न : फुकटचा डेमो आणि ‘आजच्यापुरती’ किंमत

प्रश्न : ‘फ्री में पानी चेक कर देता हूँ’ म्हणत फिल्टर विकणारा मुलगा घरी आला. नळाच्या पाण्यात सळया बुडवून करंट लावला, तर पाणी तपकिरी झालं. आरओचं पाणी मात्र स्वच्छ राहिलं. १८,००० चं मशीन ‘आजच’ १२,५०० ला. पाऊण तास राबलेल्या पोराला नाही म्हणवेना, ५०० रुपये बुकिंग देऊन बसले. आमचं पाणी खरंच इतकं घाण आहे का?
– एक गृहिणी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : त्या प्रयोगावरून तसं मुळीच म्हणता येत नाही. तो गाळ नळातून आलेला नाही, लोखंडी सळईतून आलेला आहे. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, सळईचं लोखंड झिजतं आणि गंजासारखा साका धरतो. आरओच्या पाण्यात क्षार फार थोडे, म्हणून वीज जेमतेम वाहते आणि रंग बदलत नाही. पुन्हा कुणी आला तर त्याच्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ विरघळवून तोच प्रयोग करायला सांगा. तेही पाणी तपकिरी होईल. स्वतः मात्र करू नका, शॉक बसू शकतो.

टीडीएस मीटरही फक्त विरघळलेले क्षार मोजतो. भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतचं पाणी पिण्यास योग्य धरतात. नळाला येणारं नर्मदेचं आणि बोअरिंगचं पाणी वेगवेगळं मोजून घ्या. जंतूंचा पत्ता ना मीटरला लागतो ना सळयांना. शंका असेल तर प्रयोगशाळेतून कोलिफॉर्मची (दूषित पाण्यात सापडणाऱ्या जंतूंची) तपासणी करून घ्या आणि रिपोर्ट येईपर्यंत पाणी उकळून प्या.

आता त्या ५०० रुपयांबद्दल. फुकट तपासणीने तुमच्यावर उपकाराचं ओझं आलं, तपकिरी ग्लासाने भीती घातली आणि १८,००० आधी ऐकल्यामुळे १२,५०० स्वस्त वाटले. पण खरी पकड त्या छोट्या बुकिंगची असते. १९६६ साली कॅलिफोर्नियात फ्रीडमन आणि फ्रेझर या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. ‘गाडी जपून चालवा’ असा भलामोठा, बेढब फलक अंगणात लावू द्याल का, असं विचारल्यावर जेमतेम १७ टक्के लोक तयार झाले. ज्यांना आधी त्याच विषयाची छोटीशी पाटी लावायला सांगितलं होतं, त्यांच्यातले मात्र ७६ टक्के तयार झाले. एकदा छोटा होकार दिला की पुढचा नकार आपल्यालाच विसंगत वाटू लागतो.

म्हणून बुकिंग रद्द करत असल्याचा मेसेज आजच पाठवा, पैसे परत मागा आणि पावती जपून ठेवा. दाद दिली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

पुढच्या वेळी कारणं देऊ नका. प्रत्येक कारणावर उत्तर तयार असतं : ‘पैसे नाहीत’ म्हटलं की ईएमआय, ‘मिस्टरांना विचारते’ म्हटलं की ‘अभी फोन लगा लीजिए’. त्यापेक्षा ‘दारावर आलेली वस्तू आम्ही त्याच दिवशी घेत नाही’ हा घरचा नियम सांगा. नियमाशी वाद घालणं अवघड जातं. किंमत, मेम्ब्रेन-फिल्टरचा खर्च आणि एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा. त्याच्या मेहनतीचं वाईट वाटणं हा तुमचा चांगुलपणा आहे. त्याला पाणी द्या, आभार माना. त्यासाठी मशीन घ्यावं लागत नाही.

प्रश्न : बँकेत एफडी करायला गेलो होतो. ‘इसमें ज़्यादा मिलेगा’ म्हणत सह्या घेतल्या, आणि घरी आली विमा पॉलिसी! दरवर्षी हप्ता भरायचा आहे. आता काय करू?
– एक निवृत्त वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. अर्ज लेखी आणि थेट विमा कंपनीला करा, पोच घ्या. बँकेतला माणूस ‘थोड़ा रुकिए, मैं देखता हूँ’ म्हणेल, पण त्यात दिवस जातात. तेवढ्या दिवसांचा विमाखर्च, स्टॅम्प ड्यूटी आणि वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च कापून बाकी रक्कम मिळते. मुदत उलटली असेल तर फसवून विकल्याची लेखी तक्रार कंपनीकडे करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर भोपाळच्या विमा लोकपालांकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारे अधिकारी) जा. तिथे फी लागत नाही.