एनबीए या उत्तर अमेरिकेतील बास्केटबॉल लीगमध्ये निवृत्तीकडे झुकलेल्या दिग्गजाचा पगार संघ पगारमर्यादेत (सर्व खेळाडूंच्या एका हंगामातील एकूण पगारावरील मर्यादेत) कसा बसवतो?

याचे उत्तर बरेचदा त्या खेळाडूच्या मर्जीवरच अवलंबून असते, कारण स्वतःच्या जुन्या खेळाडूशी पुन्हा करार करताना संघाला मर्यादा ओलांडण्याची मुभा असली, तरी ती रक्कम हिशेबात धरली जातेच आणि बाहेरून नवा खेळाडू आणण्याची जागा तेवढी आटते. सॅन अँटोनियो स्पर्सच्या टिम डंकनने २०१२ मध्ये निम्म्याहून कमी पगार स्वीकारला, २०१४ मध्ये संघ विजेता ठरला. २०१५ मध्ये त्याने आणखी कपात मान्य केल्यामुळे, शिवाय सहकारी टियागो स्प्लिटरला अटलांटाच्या संघाकडे धाडल्यामुळे, बाहेरच्या लामार्कस ऑल्ड्रिजला संघात घेता आले. लॉस एंजेलिस लेकर्स संघाने मात्र जायबंदी कोबी ब्रायंटला २०१३ मध्ये दोन हंगामांसाठी ४ कोटी ८५ लाख डॉलर देऊ केले. प्रेक्षक खेचण्याच्या दृष्टीने तो सौदा मला वावगा वाटत नाही, पण २०१५-१६ मध्ये संघाने ८२ पैकी १७च सामने जिंकले.