केरीकेरीच्या मिशन हाऊसबद्दल लिहितेयस तर

अगं, तुझा ड्राफ्ट वाचला. मेहनत दिसतेय, पण सुरुवातच "न्यूझीलंडमधली सगळ्यात जुनी युरोपियन इमारत" अशी केलीयस ना, ते खरं आहे, घर 1821-22 चंच आहे, पण एवढं तर कोणीही सांगेल, त्यासाठी तुझा लेख कशाला वाचायचा?

जमिनीपासून सुरू कर. 1819 मध्ये ख्रिस्ती मिशनरी सॅम्युअल मार्सडेनने मिशनसाठी होंगी हिकाकडून 13,000 एकर घेतली, बदल्यात 48 कुऱ्हाडी. तू "जमीन विकत घेतली" लिहून पुढे पळालीस. होंगी म्हणजे न्गापुही या माओरी जमातीचा मोठा सरदार, त्याचं कोरोरिपो हे तटबंदीचं ठाणं जवळच्याच टेकाडावर, आणि मिशनरी शेजारी असले की लोखंड, अवजारं, व्यापार आपसूक येणार हे त्याला पक्कं कळत होतं. म्हणजे जॉन बटलर पाद्री तिथे राहत होता तो होंगीच्या आश्रयाने. त्यात 1820 ला होंगी इंग्लंडला गेला, परतताना सिडनीत बंदुका जमवल्या आणि 1821 ला येऊन थेट लढायांना निघाला, इकडे सुतारांची ठोकाठोक चालू आणि तिकडे ठाण्यावर लढाईची तयारी! हे प्लीज दोन ओळींत उरकू नकोस.

लाकूड कौरीचं, म्हणजे तिथल्याच एका मोठ्या झाडाचं. बांधणारे मिशनचे सुतार आणि माओरी करवतवाले. त्यांची नावं सापडली तर टाकच, नाही सापडली तरी ते होते हे लिही. "मिशनऱ्यांनी घर बांधलं" हे अर्धंच झालं.

बटलरवर दोन पानं घालवलीस, तो तर 1823 लाच गेला गं! मिशनमधलंच केम्प कुटुंब या घरात आलं 1832 ला आणि राहिलं थेट 1974 पर्यंत, मग घर हिस्टॉरिक प्लेसेस ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं. इतक्या पिढ्या नांदल्या म्हणजे दुरुस्त्या, वाढवणं, बदलणं आलंच, तर दिसेल त्या फळीला 1822 ची म्हणू नकोस. शेजारचं स्टोन स्टोअर, म्हणजे मिशनचं दगडी कोठार, 1832 ते 36 चं, तो वेगळा विषय, एका वाक्यात आटप.

1981 चा पूर मात्र हवाच. घराजवळच्या नदीवरच्या पुलामुळे पाणी तुंबतं असं म्हणत म्हणत शेवटी 2008 ला तो पूलच काढला, गाड्या बायपासने वळवल्या. तुला हे बोअर वाटलं असेल म्हणून गाळलंस, पण घर वाचवायचं काम असंच बोअर असतं.

रविवारपर्यंत नवीन ड्राफ्ट पाठव, फोटोंच्या कॅप्शन नंतर बघू.