घोड्यांच्या फार्मवर काम करायला निघण्याआधी

तू विचारलंस, ‘ताई, परदेशातल्या घोड्यांच्या फार्मवर काम मिळतंय, हातातली नोकरी सोडून जाऊ का? दिवसभर नक्की काय करावं लागतं?’ शिवाय खरं सांग, असंही बजावलंस. मी दहा वर्षं खुर्चीत बसून काम केलं आणि गेली चार वर्षं पैदाशीच्या फार्मवर मोतद्दारी, म्हणजे घोड्यांची देखभाल, करतेय. तेव्हा खरंच सांगते.

आधी लीद. एक घोडा दिवसाला साधारण २० किलो लीद टाकतो, भिजलेला पेंढा वेगळा. माझ्याकडे चौदा ठाणी, म्हणजे घोडा ठेवायच्या खोल्या, आहेत. हिशेब तूच कर. सकाळी साडेसहाला वैरण आणि चंदी (दाणे), मग घोडे कुरणात सोडायचे, मग काटा, फावडं आणि ढकलगाडी. दुपारी कुंपणाची डागडुजी, खरारा, खुरांतली घाण काढणं. संध्याकाळी सगळे परत आत. हिवाळ्यात यात पाण्याची भर पडते. घोड्याला दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागतं आणि नळ गोठलेला असतो. बादल्या वाहताना निम्मं पाणी आपल्याच बुटांत जातं.

पहिल्याच दिवशी मुकादम म्हणाला, ‘त्या ग्रेला आत आण.’ मी कुरणभर राखाडी घोडा शोधत फिरले. एक पांढराशुभ्र घोडा सारखा माझ्या मागे मागे येत होता, त्याला मीच दोनदा हाकललं. तोच ‘ग्रे’. इथे पांढऱ्या घोड्याला ग्रे म्हणतात, कारण तो जन्मतो गडद रंगाचा आणि वर्षागणिक पांढरा होत जातो. कातडी काळीच राहते. मला भाषा येते असं मी समजत होते. मला ऑफिसातली येत होती.

दुसऱ्या आठवड्यात मी एका घोडीचं दावं लोखंडी फाटकाला पक्की गाठ मारून बांधलं. वाऱ्यावर एक पिशवी फडफडली, घोडी मागे रेटली आणि फाटक बिजागरीवरून निघून तिच्यामागे फरफटत निघालं. फाटक वाजे म्हणून ती पळे, ती पळे म्हणून ते अजून वाजे. कुणाला लागलं नाही, एवढंच नशीब. आता मी भिंतीतल्या कडीला सुतळीचा फास लावते आणि दावं त्या फासाला बांधते. घोडं भडकून हिसकलंच तर सुतळी तुटते, मान वाचते. गाठही एका ओढीत सुटणारी. आणि दावं हाताला कधी गुंडाळायचं नाही. कितीही गरीब घोडा असो, नाहीच. माझ्याआधीच्या माणसाचं बोट त्यातच गेलं.

माझ्या घोड्याने पेंड खाल्ली ती दुसऱ्या हिवाळ्यात, आणि अगदी अक्षरशः. ठाणाच्या दाराला दोन कड्या असतात, एक वर, एक पायाने लावायची खाली. मला वाटायचं, खालची कशाला? हातात बादल्या होत्या, मी ती लावली नाही. रात्री एका घोडीने ओठांनी वरची कडी सरकवली, चंदीची खोली गाठली, पिंपाचं झाकण पाडलं आणि मनसोक्त खाल्लं. पहाटे सापडली तेव्हा घामाने निथळत होती, सारखी पोटाकडे मान वळवून बघत होती. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात गेलं ते गेलं. फोनवर डॉक्टरांनी विचारलं: नाडी किती, हिरड्यांचा रंग कसा, शेवटची लीद कधी? मला एकाचंही उत्तर देता येईना. त्यांनीच सांगितलं, जबड्याखालची शीर चाचप. मोजली तर ६४. निरोगी घोड्याची उभ्याउभ्या २८ ते ४४ असते.

डॉक्टरांनी नाकातून जठरात नळी घालून पोट रिकामं केलं. पण अतिधान्य पोटाबरोबर पायांवरही उतरतं, खुराच्या आत सूज येते आणि घोडं कायमचं अधू होऊ शकतं. म्हणून तीन दिवस तिचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले. बर्फ आणायचं काम कुणाकडे होतं ते सांगायला नको. घोडी वाचली. नोकरीही वाचली, का ते मला अजून कळलेलं नाही. तू येण्याआधी एवढं पाठ कर: नाडी २८–४४, ताप मोजला तर ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस, आणि खालची कडी.

कुठल्या महिन्यात रुजू व्हायचंय ते नीट बघ. शर्यतीच्या जातिवंत घोड्यांचा अधिकृत वाढदिवस उत्तर गोलार्धात १ जानेवारीला धरतात, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये १ ऑगस्टला. उत्तरेत ३१ डिसेंबरला जन्मलेलं शिंगरू दुसऱ्या दिवशी कागदोपत्री एक वर्षाचं! त्यामुळे मालकांना शिंगरं वर्षाच्या सुरुवातीला हवी असतात, आणि आपल्या रात्री ऐन थंडीत जागून जातात. घोडी अकरा महिने गाभण असते आणि विते बहुधा रात्रीच, आसपास कुणी नसताना. मी नऊ रात्री एकीवर पहारा दिला. दहाव्या रात्री हातमोजे आणायला गेले, वीस मिनिटांत परतले तर शिंगरू बाहेर, ओलं, कान हलवत. तासाभरात ते उभं राहायला हवं, दोन तासांत दूध प्यायला हवं, तीन तासांत वार (गर्भाभोवतीचं आवरण) पडायला हवी. आणि ती वार जमिनीवर पसरून अख्खी आहे ना ते बघायचं; तुकडा आत राहिला तर घोडी जिवावरच्या दुखण्यात सापडते. मध्यरात्री दोन वाजता गुडघ्यांवर बसून वार तपासणं तुला जमेल का, हे आधी स्वतःला विचार.

कागदांचं. राहायची जागा बहुतेक फार्मवरच देतात, म्हणजे नोकरी गेली की छप्परही जातं. व्हिसा मालकाच्या नावाने बांधलेला असेल तर तिसरी गोष्टही जाते. म्हणून हे सगळं लेखी घे: एका माणसामागे घोडे किती, सुट्टी कधी, रात्रपाळीचे पैसे वेगळे का, अपघात झाला तर दवाखान्याचा खर्च कोणाचा. हा शेवटचा प्रश्न मी विचारला नव्हता. पाचशे किलोंचा घोडा पायाच्या अंगठ्यावर उभा राहिल्यावर विचारला. (असं झालं तर पाय ओढू नकोस, त्याच्या खांद्याला रेटा दे, तो वजन दुसरीकडे टाकतो.) धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधी घे. गाडी चालवता येत नसेल तर शिकून घे, फार्मवरून कुठेही पायी जाता येत नाही.

घोड्यावर बसायला मिळेल का, हेही विचारलं होतंस. चार वर्षांत मी अकरा वेळा बसले. नऊ वेळा स्वतःहून उतरले. बसता येत नसेल तर येतं म्हणून अर्जात लिहू नकोस, पहिल्या दिवशी पाच मिनिटांत उघडं पडतं. लिहायचंच तर एखाद्या तबेल्यात महिनाभर पहाटे फुकट लीद काढ आणि तेवढंच लिही. राजीनामा त्यानंतर दे. एका तासात किती ठाणी साफ होतात तेही मला कळव. माझी सुरुवातीला दोन व्हायची.